अण्णांच्या कानाला झेपेल असं गाणं

वर्षाला बारा-तेरा पौर्णिमा येतात. त्या हिशोबाने हजार पौर्णिमा पुऱ्या व्हायला साधारण ऐंशी वर्षं आणि दहा महिने लागतात. माझ्या वडिलांचे, अण्णांचे, ते 2024च्या जानेवारीत भरत होते. दादा-वहिनी सांगलीला अण्णा-आईजवळ, मी पुण्याला, धाकटी न्यू जर्सीला. दिवाळीत तिघं फोनवर बोललो आणि ठरलं, की सहस्रचंद्रदर्शन करायचं. सकाळी कार्यालयात होम, तुला, औक्षण, मग जेवणं. धाकटी म्हणाली, "आणि गाणं पाहिजे. अण्णांसाठी लाइव्ह."

तिघांच्या डोक्यात 'लाइव्ह' या शब्दाचे तीन वेगळे अर्थ होते, हे कळायला आठवडा गेला. दादाला पाहुणे आल्यावर कार्यालयात काहीतरी वाजत राहायला हवं होतं. धाकटीला व्हिडिओत छान दिसेल असं स्टेज हवं होतं. मला मैफल हवी होती. अण्णांना काय हवंय ते कुणी विचारलं नव्हतं, आणि या सगळ्या प्रकरणाची मेख तिथेच होती.

अण्णा हायस्कुलात गणित शिकवायचे, पण कान गाण्याचा. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. खाँसाहेब मिरजेतच राहायचे, 1937 साली वारले, आणि त्यांची कबरही त्या दर्ग्याच्या आवारातच आहे. तिथे मोठमोठे गवई हजेरी लावायला येतात. अण्णा तरुणपणी सांगलीहून सायकलवर जायचे, रात्र-रात्र ऐकायचे आणि सकाळी परस्पर शाळेत. गेली सहा वर्षं मात्र त्यांच्या दोन्ही कानांत मशीन आहे. रेडिओ बंद झाला, कार्यक्रमांना जाणं बंद झालं. विचारलं की म्हणायचे, "आता काय, सगळं पत्र्यावर वाजवल्यासारखं येतं."

पॅकेज

दादाने ओळखीतून एका इव्हेंटवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर मलाही घेतलं. माणूस बोलायला गोड.

"मॅडम, आपल्याकडे लाइव्ह सिंगरचं पॅकेज आहे. मेल-फीमेल दोन सिंगर, अँकर, साउंड, एलईडी. पस्तीस हजारात सगळं."

"वाजवणारे किती?"

"वाजवणारे नसतात मॅडम, ट्रॅकवर असतं. पण एकदम ओरिजनल फील."

म्हणजे गाणाऱ्याचा गळा तेवढा जिवंत, बाकी सगळं लॅपटॉपमध्ये. यात वाईट काही नाही. बारशाला, रिटायरमेंटला, साठीला लोकांना तेच आवडतं, नाचतात, मजा येते. पण त्याने वीस मिनिटांत विचारलं ते एवढंच, की जुनी हिंदी हवीत की मराठी, आणि हॉलला जनरेटर आहे का. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे ते काय ऐकतात, हे त्याने विचारलं नाही. दोष त्याला कशाला द्यायचा, आम्हीही सांगितलं नाही. दादा तर हजार रुपये विसार पाठवायलाच निघाला होता. मी म्हटलं, दोन दिवस थांब.

ताईंचा प्रश्न

पुण्यात एका छोट्या मंडळाची मासिक सभा असते, सतरंजीवर बसून साठ-सत्तर माणसं ऐकतात. तिथे मी एका गायिकेला आधी एकदा ऐकलं होतं. पन्नाशीच्या पुढच्या, किराणा घराण्याची तालीम, नाव वर्तमानपत्रात फारसं येत नाही. पुन्हा एकदा मुद्दाम जाऊन ऐकलं. यूट्यूबवर ऐकून कलाकार ठरवणं म्हणजे लग्नाला फोटोवरून होकार देणं. आवाज सगळ्यांचाच गोड लागतो, पण समोर चार माणसं उठून गेली तर हा माणूस काय करतो, ते तिथे दिसत नाही. त्या दिवशी दोन बायका मध्येच उठल्या, ताईंनी डोळासुद्धा उघडला नाही. मला तेवढं पुरलं.

फोन केला. त्यांनी मानधन शेवटी सांगितलं, आधी प्रश्न विचारले. किती वाजता? ऐकायला किती माणसं? जेवणाआधी की नंतर? गाणं चालू असताना पाहुण्यांचं येणं-जाणं असेल का? सत्कार, भाषणं मध्ये आहेत का? मी प्रामाणिकपणे सांगितलं, की अकरा ते साडेबारा, होमानंतर, जेवणाआधी, दोनशे माणसं, माइक वगैरे सगळं आहे.

"होम किती वाजता संपेल?"

"साडेदहाला."

त्या हसल्या. "साडेअकरा धरा. मग औक्षण, मग कुणीतरी दोन शब्द बोलणार. मी बसेन बाराला. आणि सव्वाबाराला पानं मांडल्याचा आवाज येईल. मी येईन हो, पण मला बोलावून तुम्हाला काय मिळणार?" थोडं थांबून म्हणाल्या, "काकांना ऐकू येतं ना नीट?"

मी मशीनचं सांगितलं.

"मग आधी ते बघा. मोठ्या स्पीकरसमोर मशीन लावून बसणं म्हणजे शिक्षा असते. माझे गुरुजी शेवटी मशीन काढूनच ऐकायचे."

तोपर्यंत आमची सगळी चर्चा कलाकार कोण, पैसे किती, फुलांचं बॅकड्रॉप कसलं, यावर चाललेली. ज्याच्यासाठी गाणं आहे त्याच्या कानात ते शिरणार का, हा प्रश्न आमच्या घरातल्या पाच शिकलेल्या माणसांपैकी एकालाही पडला नव्हता. आणि तो ज्यांनी विचारला त्यांचं अजून ठरलंही नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांकडे

दादा अण्णांना घेऊन सांगलीतल्या ऑडिओलॉजिस्टकडे गेला, मी फोनवर. तिथे कळलं ते असं. कानातलं मशीन मुळात बोलणं कळावं म्हणून बनवलेलं असतं. हळू आवाज मोठा करायचा, मोठा आवाज दाबायचा, ही त्याची रीत. गाण्यात लहान-मोठा आवाज हाच तर जीव. तो एकाच पातळीवर आला की अण्णा म्हणतात तसा पत्रा होतो. दुसरी गोष्ट मला नवीन होती. मशीन कधी-कधी शिट्टी मारतं, ती थांबवायला त्यात एक सोय असते. एकच स्वर लांब, स्थिर लागला की मशीनला वाटतं ही शिट्टीच आहे, आणि ते तो स्वर खायला बघतं किंवा कापरा करतं. म्हणजे तानपुरा आणि लावलेला षड्ज (सा) हे मशीनच्या दृष्टीने बिघाड! सहा वर्षं अण्णा तक्रार करत होते आणि आम्ही म्हणत होतो, वयोमानाने होतं.

तिथल्या बाईंनी मशीनमध्ये दुसरा एक प्रोग्राम भरून दिला, संगीतासाठीचा. शिट्टीरोधक बंद, दाबादाबी कमी. बटण दाबलं की पहिला नंबर बोलण्याचा, दुसरा गाण्याचा. दादाने मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून कानाशी धरलं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंचम थोडा उतरलाय." अ‍ॅपमध्ये पंचम, म्हणजे प, उतरत नसतो, पण आम्ही वाद घातला नाही. बाईंनी एक ताकीद दिली: लाउडस्पीकर नको. माणूस समोर बसून गाईल, आठ-दहा फुटांवर, तर सगळ्यात चांगलं.

म्हणजे कार्यालय बाद. निदान गाण्यासाठी तरी.

दोन तुकडे

मग आम्ही दिवसाचे दोन तुकडे केले. सकाळी कार्यालयात सनई-चौघडा, संध्याकाळी घरी बैठक, बिनमाइकची, निवडक माणसांची. हे सुचलं दादाला. तो म्हणाला, "दोनशे माणसांना गाणं ऐकायचं नसतं, भेटायचं असतं. त्यांना सनई पुरे." चिडून बोलला, पण बरोबर बोलला.

सनईचं थोडक्यात सांगते, कारण ते सोपं गेलं. चौघांचा ताफा, दोन सनया, त्यातला एक सूर धरायला, आणि चौघडा. आठ ते बारा, अकरा हजार. त्यांची अट एकच, की दाराशी सावलीत बसायला जागा हवी. गुरुजींचे मंत्र चालू असताना थांबायचं, औक्षणाच्या वेळी वाजवायचं, एवढी खूण गुरुजींची आणि त्यांची समोरासमोर घालून दिली. मुख्य सनईवाल्यांच्या सनईला दोऱ्याने तीन-चार पत्त्या, म्हणजे फुंकायच्या जिभा, लटकलेल्या होत्या. एक ओठात भिजवत ठेवायचे, वाजवताना बिघडली की दुसरी चढवायची, चौघडा तोवर चालूच. आमच्याकडून एक चूक झाली. त्यांना शेवटच्या पंगतीला बसवलं. चार तास फुंकणाऱ्या माणसाला दीड वाजेपर्यंत उपाशी ठेवायचं नसतं. साडेदहाला नाश्ता द्यायला हवा होता, आणि तो यादीत कुणाच्याच नावावर नव्हता.

मारवा की यमन

आता बैठक. ताईंनी विचारलं, "काकांना काही विशेष ऐकायचंय का?" अण्णा क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "मारवा."

आत्या घरात होती, ती उसळलीच. "शुभकार्याला मारवा? इतका उदास राग? यमन म्हणायला सांग, भूप म्हणायला सांग." खरं आहे, मारवा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. पंचम नाही, ऋषभ कोमल, आणि षड्जावर येता-येता गवई येतच नाही, तिथेच आजूबाजूला घुटमळत राहतो. वाढदिवसाचा राग हा नव्हेच. पण वाढदिवस कुणाचा? मी ताईंना तसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणते की. पण मारवा दिवेलागणीचा. सव्वासहाच्या आत बसायला पाहिजे. सात वाजता मला मारवा म्हणा म्हणालात तर मी नाही म्हणणार." आत्यासाठी त्यांनी नंतर दोन नाट्यपदं आणि एक अभंग कबूल केला, शेवटी भैरवी.

रागावरून पुढचं सगळं ठरत गेलं. सांगलीत जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे सहाला सुरुवात, पाचला कलाकार घरी, साडेपाचला वाद्यं लावून तयार. मारव्यात पंचम नसल्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादाला लावायची. ती मध्यंतरात परत पंचमाला न्यायची, म्हणजे पंधरा मिनिटांचा चहा सक्तीचा. 'थोडाच वेळ गा' म्हणणाऱ्यांना वाटतं, कलाकार येतो, बसतो, गातो. दिवसाचं वेळापत्रक खरं तर एका तारेला बांधलेलं असतं.

तानपुऱ्यांचा प्रश्न मिरजेमुळे सुटला. आजोबांचा जुना तानपुरा माळ्यावर होता आणि तोच लावावा असा माझ्या काकांचा आग्रह. पण तो पुरुषांच्या पट्टीचा. ताई गातात काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा धरून. पुरुषी तानपुऱ्याच्या तारा तेवढ्या वर खेचल्या तर तुटतात, आणि नाही तुटल्या तरी बोलत नाहीत. तारा बदलायच्या, मग जवारी पुन्हा काढायची (तार गुंजावी म्हणून घोडी घासून जुळवायची), इतका वेळ नव्हता. दादा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेला आणि बायकांच्या पट्टीचे दोन तानपुरे दोन दिवसांसाठी घेऊन आला. तिथल्या कारागिराने भोपळा हातात देऊन सांगितलं, हे पंढरपूरकडचे. उन्हात नेऊ नका, गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. दादा एक तानपुरा मांडीवर घेऊन रिक्षाने आला, दुसरा भाच्याने धरला. (त्याच वर्षी पुढे मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा दादाने ती बातमी अशा थाटात पाठवली, जणू त्याच्या रिक्षामुळेच मिळालं.)

साथीदारांवरून घरात जरा कुरबुर झाली. मामांच्या शेजाऱ्यांचा मुलगा तबल्यात विशारद झालाय. मामांनी परस्पर त्याला सांगूनही टाकलं होतं, की तू साथीला बस. मुलगा गुणी आहे, पण साथ हा दोघांचा संसार असतो, तो तिसऱ्याने जुळवायचा नसतो. शिवाय त्याच्याकडे तबला काळी एकचा. मी ताईंना विचारलं, त्या शांतपणे म्हणाल्या, "तबला माझा माणूस वाजवेल. पेटीला कोल्हापूरचे एक आहेत, त्यांना मी सांगते. तानपुऱ्यावर बसायला मात्र तिकडच्या दोन मुली बघा, शिकणाऱ्या." मामांना हे सांगायचं काम आईने केलं. ते आईच करू जाणे. मुलगा सकाळी कार्यालयात गणेशवंदनेला वाजवून खूश झाला.

लिहून ठेवलं ते

घरगुती कार्यक्रमाला करारबिरार कोण करतं. पण फोनवर ठरलेलं फोनवरच विरतं. मी ताईंना व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पाठवला, तो जसाच्या तसा देते:

"ताई, नमस्कार. बोलणं झालं ते लिहिते, चुकलं असेल तर सांगा. रविवार संध्याकाळ, सांगलीला आमच्या घरी. सहा ते साडेआठ, मध्ये पंधरा मिनिटं. माइक नाही. माणसं पस्तीस, चाळीसच्या वर नाहीत. पंखे बंद, उदबत्ती-धूप नाही. तुमचं मानधन 25,000, तबला 7,000, पेटी 7,000. विसार 10,000 आज पाठवते, उरलेले त्याच रात्री, तिघांचे वेगळे. पुण्याहून गाडी आमची, शनिवारी दुपारी निघायचं, रात्री मुक्काम हॉटेलवर, दोन खोल्या. तानपुरे आणि तानपुऱ्यावर बसणाऱ्या मुली आमच्याकडून. व्हिडिओ फक्त घरच्यांसाठी, कुठेही टाकणार नाही."

त्यांचं उत्तर आलं: "सगळं बरोबर. एक राहिलं. काकांचं वय बघता कार्यक्रम पुढे गेला तर विसाराची काळजी करू नका, तो पुढच्या तारखेला धरू. माझा घसा बसला तर मी दोन दिवस आधी कळवीन आणि विसार परत करीन. बदली माणूस पाठवणार नाही, तुम्ही मला बोलावलंय."

हा विषय मला काढता येत नव्हता. ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या कार्यात काहीही होऊ शकतं. त्यांना ताप येईल, किंवा भावकीत कुणी जाईल आणि दहा दिवसांचं सुतक लागेल, मग होमच राहील. ते कसं बोलायचं म्हणून मी गप्प बसले होते. त्यांनी अर्ध्या ओळीत मिटवलं.

उदबत्तीचं कलम त्यांचं. घशाला धूर लागतो. होमाच्या धुरातून आलेली माणसं संध्याकाळी पुन्हा धूप लावायला निघाली तेव्हा हा मेसेज दाखवावा लागला.

व्हिडिओवर धाकटी थोडी रुसली. तिला न्यू जर्सीच्या मैत्रिणींसाठी फेसबुकवर लाइव्ह करायचं होतं. आपल्या घरच्या वापरासाठी रेकॉर्डिंगला कायद्यात मुभा आहे, पण ते लोकांपुढे टाकायचं तर गाणाऱ्याची संमती लागते. कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षं हक्क असतो. आमचा तोडगा असा, की एक मोबाइल कपाटावर टेकवून ठेवला आणि धाकटी एकटी व्हिडिओ कॉलवर बसली. इकडे संध्याकाळचे सहा, तिकडे सकाळचे साडेसात. ती कॉफी पीत मारवा ऐकत होती, हे आत्याला मारव्यापेक्षाही अशुभ वाटलं.

संध्याकाळ

दिवाणखाना वीस बाय चौदाचा, पुढे ओसरी. कलाकारांना थोडं उंचावर बसवावं म्हणून आदल्या दिवशी दोन दिवाण जोडले, वर गादी घातली. भाच्याने वर बसून मांडीवर ठेका धरला आणि दिवाण कुरकुरले. प्रत्येक समेला कुर्र. बिनमाइकच्या बैठकीत ते सगळ्यांना ऐकू गेलं असतं. दिवाण काढले, गल्लीतल्या गणेश मंडळाचं फूटभर उंचीचं लाकडी स्टेज आणलं, त्यावर घोंगडं, गादी, पांढरी चादर. अण्णांची आरामखुर्ची स्टेजपासून नऊ फुटांवर. मी टेपने मोजलं. श्रोत्याने गवयापेक्षा उंच बसू नये म्हणतात, पण त्यांचे गुडघे खाली बसू देत नाहीत. ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं.

ताई पावणेपाचला आल्या. पुण्याहून सांगली पाच तासांचा रस्ता, तो आदल्या दिवशीच संपवल्याचा फायदा दिसत होता. दुपारी त्यांनी फक्त वरण-भात आणि तूप मागवलं होतं, आमच्या कार्यालयातल्या जिलेबी-मठ्ठ्याला नमस्कार करून. आल्या-आल्या अण्णांच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "काका, मशीन दुसऱ्या नंबरवर आहे ना?" अण्णा खुलले. सत्तेचाळीस माणसं जमली होती, चाळीसचा शब्द मोडला होता. मी माफी मागितली. त्यांनी नजर फिरवली, म्हणाल्या, "सात जणांना ओसरीवर बसवा. दार उघडं ठेवा. मी थोडं मोकळं गाते."

सहा वाजून पाच मिनिटांनी सुरुवात. तानपुऱ्यावरच्या मुलींची बोटं आधी थरथरत होती, दहा मिनिटांत स्थिर झाली. विलंबित एकतालात ताईंनी धैवत लावला आणि तिथेच राहिल्या. बाहेर उजेड उतरत चाललेला, आत कुणी दिवा लावला नव्हता, कारण कुणाला उठायचंच नव्हतं.

आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

अण्णांच्या छोट्या पणतीसाठी खिचडी लावून ठेवलेली. वहिनी सगळं विसरून गाण्यात बसली होती. दुसरी शिट्टी होईपर्यंत ती माणसांतून वाट काढत गेली, तिसरी तिच्या हातात झाली. ताईंनी आलाप अर्ध्यावर ठेवला, डोळे मिटलेलेच, तानपुरे चालू. शिट्टी विरली आणि त्या जिथे थांबल्या होत्या तिथूनच उचललं. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांना शिट्टी ऐकूच आली नव्हती. शिट्टी अण्णांच्या पाठीमागून आली होती, आणि ते पुढे झुकून, तळहात कानामागे धरून, नऊ फुटांवरच्या माणसाकडे बघत होते. पन्नास मिनिटं त्यांनी तो हात खाली घेतला नाही.

चहाच्या वेळी आत्या म्हणाली, "झालं एकदाचं." मग नाट्यपदं झाली. तिने दोन्हींना ताल धरला आणि डोळे पुसले.

भैरवीनंतर आमची फजिती झाली. श्रीफळ आणि शाली तीनच आणल्या होत्या: ताई, तबला, पेटी. अडीच तास पाठ ताठ ठेवून बसलेल्या दोन मुलींसाठी काहीच नाही. त्या चादरीची घडी घालायला लागल्या होत्या. आत्या आत गेली आणि स्वतःच्या कपाटातल्या दोन कोऱ्या खणांसह नारळ घेऊन आली. मुलींना पाकिटं मी नंतर दिली, हजार-हजार. तिघांची पाकिटं वेगळी, आतल्या खोलीत, नावं घालून. स्टेजवर शालीबरोबर पाकीट देणं मला बरं वाटत नाही, आणि सगळे पैसे मुख्य कलाकाराच्या हाती देऊन 'तुमचं तुम्ही बघा' म्हणणं त्याहून वाईट.

खर्च विचारतील त्यांच्यासाठी: तिघांचं मानधन 39,000, गाडी 9,500, हॉटेल 5,000, तानपुरे 2,000, मुली 2,000. एकूण 57,500, आणि सनई वेगळी. ट्रॅकवाल्या पॅकेजच्या दीडपटीहून जास्त. दादाने हिशोब लिहिताना शेवटी आणखी एक ओळ घातली: 'कानाची डॉक्टर, 500.' माझ्या मते सगळ्या कार्यक्रमातला सगळ्यात चांगला खर्च तोच.

पुढच्या महिन्यात अण्णांना पुन्हा दाखवायला नेलं. बाईंनी विचारलं, कार्यक्रम झाला ना, आता तो संगीताचा प्रोग्राम काढून टाकू का? अण्णांनी साफ नाही म्हटलं. आता ते दिवसभर दुसऱ्याच नंबरवर असतात. सकाळी रेडिओ लावतात. आई काय बोलते ते त्यांना नीट कळत नाही, आणि फोन केला की आधी विचारावं लागतं, "अण्णा, कितव्या नंबरवर आहात?"